लाइट घालव

पाऊस असला की तीन सिलिंडरांतला एक दगा देतो,
कोणता, ते कळत नाही.
वडाळ्याच्या पुलाचा चढ लागतो,
व्हॅन उचकी देते, मग दुसरी,
मागे नर्सिंग होमच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे
एकदम पुढे सरकतात
आणि मागचा बेस्टवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसतो.

मेकॅनिककडे न्यावी तर ऊन.
ऊन पडलं की हिच्यासारखी गुणी कुणी नाही.
डॉक्टरसमोर खोकला थांबलेल्या पोरासारखी
उभी राहते, एका लयीत घुरघुरत.

प्लग बदलले. कॉइल बदलली.
कार्बुरेटर रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घातला.
भायखळ्याच्या एकाने, पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणत
टाकी उतरवली.
तळाशी निघालं बाटलीचं एक बूच.
बायको म्हणाली, लिंबू बांधा.
बांधलं.
लिंबू भिजलं, गाडी बंद.

शेवटी माझगावला, हसनमिया परकार.
गॅरेज म्हणजे जिन्याखालची जागा आणि एक कान.
दुसरा कान तरुणपणीच गोदीत गेला,
हातोड्यांच्या आवाजात.
त्यांनी ड्रायव्हरची सीट उचलली.
(ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं.
इतके दिवस मी त्याच्यावर बसून
मुंबईभर दुखणं शोधत होतो.)
रबरी नळीचं एक टोक चालत्या कानाला लावलं,
दुसरं इंजिनच्या अंगावरून फिरवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच:
"पाऊस पडताना, की रस्त्यात पाणी असताना?"

असा फरक असतो, हे मला कुठं ठाऊक.
आठवून बघितलं.
रिमझिमीत चालते.
पुढच्या चाकानं पाणी उडवलं, की मग.
"म्हणजे वरून नाय, खालून," ते म्हणाले.
"दिवे लागल्यावर ये. हे उजेडात दिसायचं नाय."

आठ वाजता शटर अर्धं खाली.
शेजारच्या सलूनमधून फवाऱ्याची बाटली आणलेली,
तिला अजून दाढीनंतरच्या लोशनचा वास.
"चालू कर. आता लाइट घालव."

अंधार. धडधड.
फुस्स, फुस्स,
हातावर येणारं गार पाणी.
डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर काही नाही.
पहिल्या वायरवर काही नाही.
मग दुसरी नि तिसरी जिथं एकत्र बांधलेल्या, तिथं
टिच्.
टिच् टिच्.
एक निळा दोरा, उसवत, पुन्हा शिवत.
तिसऱ्याची ठिणगी दुसऱ्याच्या वायरवर चाललेली,
ओली वाट सोपी म्हणून.
मी पहिल्यांदाच बघत होतो.
त्यांची बहुतेक हजारावी वेळ,
तरी लाइट लाव म्हणायला त्यांनी उशीरच केला.

उजेडात दिसली पिवळी प्लास्टिकची पट्टी,
करकचून आवळलेली.
तिच्याखाली वायरच्या सालीला केसाएवढी चीर.
"ही कुणी बांधली?"

मीच. दोन दिवाळ्यांपूर्वी.
वायरी लोंबताना बघवेनात म्हणून,
हौसेनं, पट्टीचं टोक ब्लेडनं साफ कापून.

परकारचाचा हसले असते तर बरं झालं असतं.
"लोंबू दे त्यांना," म्हणाले,
"एकमेकींना टेकल्या नाय म्हणजे झालं."

कुर्ल्याहून वायरींचा सेट, चारशे ऐंशी.
मजुरी शंभर.
"आणि ती बाटली भरून परत दे त्याला,
सकाळी सातला गिऱ्हाईक असतं त्याचं."

काल पुन्हा झोडपून काढलं.
पुलाखाली घोटाभर पाणी,
चाकानं ते उसळून खालून आपटलं.
सीटखाली तिघं आपापल्या पाळीला हजर,
एकही चुकला नाही.
मी मात्र नेहमीच्या खांबापाशी
पाय उचलला,
उचकीला जागा ठेवून.

मागच्यानं हॉर्न दिला.